ओसरीवरचं कमोड

१० जानेवारी, शनिवार

सगळ्यात आधी आली मालनबाई. टेम्पो अजून गल्लीत वळलाबी न्हवता तर ही पदराला हात पुसत आमच्या दारात हजर. माझी भावकीतली धाकटी जाऊ हाय, घर भिंतीला भिंत. तिच्या मागं तिची सून, सुनेच्या मागं शेळी, आन् शेळीच्या मागं अर्धं पिंगळी गाव. टेम्पोवाला म्हणला, "झुंबरबाई कोण?" मी म्हणलं, मीच की. सही करा म्हणला. मी सही केली, अंगठा न्हाई. चांगली झुंबरबाई आश्रुबा अशी. नवऱ्याचं नाव तोंडानं घेत न्हाई मी, पण लिहायला कोणाची मनाई हाय?

खोकं एवढं मोठं की दोघांनी धरून उतरवलं. आमच्या योगीराजनं पाठवलं, पुण्याहून. नातू हाय माझा, तिकडं कंपनीत कामाला हाय. ही वहीबी त्यानंच दिली. म्हणला, "आजी, दिवसभर काय झालं ते लिहीत जा, फोनवर तू निम्मं विसरतीस." दुसरीपर्यंत शाळा माझी. जोडाक्षर आलं की हात अडतो, पण लिहायलेय.

खोक्यातून कमोड निघालं. काय ते पांढरं! दुधात धुवून काढल्यासारखं. मालनबाई म्हणली, "बाई, ह्याच्यावर तर ताट घेऊन जेवायला बसावं वाटायलंय." आन् बसली की खरंच, पदर सावरून, पाटलीणबाईसारखी. सगळ्या हसून हसून बेजार. आतून खाटेवरून ह्यांचं खोकणं आलं, तव्हा गप झालो.

आणलंय ते ह्यांच्यासाठीच. दिवाळी झाल्यावर ओट्यावरून पडले आन् खुब्याचं हाड मोडलं. परभणीला ऑपरेशन केलं, आत सळई घातली. डॉक्टर म्हणले, उकिडवं बसायचं न्हाई, आता कव्हाच न्हाई. आमचा संडास तर खाली बसायचा. तव्हापासून खाटेवरच भांडं देते. लेक आन् सून ऊसतोडीला गेलेत, उन्हाळ्याबिगर येत न्हाईत, मग मीच एकटी. मला त्याचं काय न्हाई. लेकरांचं काढलं, सासूचं काढलं. पण हे भिंतीकडं तोंड करतात. मी भांडं उचलून बाहेर जाऊस्तर इकडं बघतच न्हाईत. जवानीत आमी दोघंबी कारखान्याला जायचो. डोक्यावर उसाची मोळी घेऊन फळीवरून ट्रकात चढायचे हे, फळी खालीवर व्हायची, पण कव्हा कोणाचा हात धरला न्हाई. बाया बघत ऱ्हायच्या. मीबी बघायचे.

थर्माकोल पोरांनी पळवलं. खोक्याच्या तळाला रबराचं एक जाड काळं कडं निघालं, ते माठाखाली ठेवलं. माठ डुगडुगायचा, आता कसा राजासारखा बसलाय. कमोडला हळदकुंकू लावलं. मालनबाई म्हणली, "ह्यालाबी?" मी म्हणलं, ट्रॅक्टरला लावतात तर ह्याला कामून न्हाई? ह्याच्यावर तर माणूस बसणार हाय.

हे म्हणले, "लेकरानं पाठवलंय, आता ह्याच्यावरच बसतो." दोन भाकरी खाल्ल्या, वर वाटीभर ताक. लय दिवसानं घरात बरं वाटलं.

१२ जानेवारी, सोमवार

बन्सीधर येऊन गेला. गावातलं नळाचं, पाइपाचं सगळं काम त्याच्याकडंच असतं. आमच्या संडासातलं जुनं भांडंबी त्यानंच बसवलंय. कमोडला चारीकडून बघितलं, टिचकी मारली, बाजारात म्हैस बघतात तसं.

"कुठून घेतलं मावशी?"

"योगीराजनं मोबाइलवर."

"हं," म्हणला आन् खाली बसला. मी म्हणलं, कव्हा बसवतो? तर म्हणला, "मावशी, राग मानू नका. बाहेरून आणलेला माल मी बसवत न्हाई."

"का रं? त्याला काय काटे हायेत?"

मंग त्यानं भगवानराव गुरुजींचं सांगितलं. गुरुजींनी नवीन घराचे नळ आपल्या हातानं आणले, लय फॅशनचे. ह्यानं नुसते बसवले. वास्तुशांतीच्या दिवशी पंगत बसली, आन् मोरीतला नळ एका पाहुण्याच्या हातातच निघाला. पाण्याची धार थेट बुंदीच्या पातेल्यात. "नळ त्यांनी आणला, पण शिव्या कोणाला? मला. अजून मी दिसलो की गुरुजी रस्ता बदलतात. पुन्हा त्या आळीत मला एक काम मिळालं न्हाई." मला हसू आलं, बुंदीचं ऐकून. तो काय हसला न्हाई.

"माझ्या ओळखीच्या दुकानातून मी आणतो," म्हणला. "गळलं तर दुकानदार हाय, मी हाय. ह्याच्या मागं कोण हाय? मोबाइल?"

मला लय राग आला. म्हणलं, माझ्या नातवानं पाठवलेलं सोडून तुझ्या दुकानाचं घेऊ व्हय? लेकराला काय तोंड दाखवू? तर म्हणला, "बरं, बघू. येतो एखाद्या दिवशी." चहा पिला, गेला.

येतो म्हणलाय म्हणजे येईलच.

ह्यांनी आतून विचारलं, "काय म्हणला?" मी म्हणलं, येतो म्हणला. ह्यांनी जेवताना अर्धी भाकरी माघारी दिली.

१४ जानेवारी, संक्रांत

आज घर बायांनी भरून गेलतं. दरसाल एवढ्या येत न्हाईत, पण औंदा तिळगुळाला कोण आणि कमोडला कोण ते देवालाच माहीत. ओसरीवर ठेवलंय, म्हणून आल्याबरोबर दिसतं. एकजण म्हणली, आमच्या मामंजीलाबी घ्यायचंय. एकजण म्हणली, बसल्यावर पाय लोंबकळतात का हो? मी सगळ्यांना सांगितलं, पुण्याचं हाय. वाण लुटलं, उखाणे झाले, मालनबाईनं तर तीन घेतले, तिला एकावर थांबता येत न्हाई. सांजपर्यंत ओसरी रिकामी झाली न्हाई.

बाया गेल्यावर आत गेले तर हे घामाघूम. ताप आला का म्हणलं, कपाळाला हात लावला तर थंडगार. म्हणले, "भांडं दे." म्हणलं, मग सकाळपासून आवाज कामून दिला न्हाई? "एवढ्या बायात?" म्हणले. मग म्हणले, "उद्यापासून मला चहा नको."

चहा सोडला ते बरंच झालं. डॉक्टर केव्हाचे सांगायलेत साखर कमी करा.

१८ जानेवारी, रविवार

योगीराजनं फोनवरूनच परभणीचा एक मिस्त्री ठरवला, राम म्हणून. गाडीवर आला, कानात वायर घातलेली, माझ्याशी बोलायलाय का वायरीशी तेच कळंना. संडास बघितला, कमोड बघितलं, फोटो काढले. म्हणला, "आजी, माल पार्टीचा असला की आमी हात लावत न्हाई. सेठनं सांगितलेलं हाय." मी म्हणलं, पार्टी कोण? "तुमीच की," म्हणला. ऐका! जल्मात पहिल्यांदा मला कोणी पार्टी म्हणलं.

त्यालाबी चहा दिला. जाताना म्हणला, सेठला विचारून येतो. आता हे दोघंबी एकदमच आले तर काय करायचं, दोघांना काम कसं वाटून द्यायचं, ह्याचा विचार करायलेय.

२२ जानेवारी

कोणी आलं न्हाई.

हे आजकाल लय थोडं खातात. चतकोर भाकरी, वर दोन घास भात, की झालं. म्हणतात, पडून राहणाऱ्याला कशाला लागतंय. पाणीबी मागत न्हाईत, थंडी हाय म्हणून असंल. पण उशाला तांब्या भरून ठेवते, तो सांजपर्यंत रिकामा होतो. भांडंबी दिवसातून एकदाच. मला तरास नको म्हणून देवानंच असं केलं का काय. मालनबाई म्हणली, "बाई, तुमी नशिबाच्या, आमचे मामंजी तर रात्रीतून चार बार उठवायचे."

एक नवीनच लागलंय, खाटेजवळची भिंत खालून ओली व्हायलीय. पोपडे निघायलेत. बन्सीधर आला की त्यालाच विचारते.

२७ जानेवारी, मंगळवार

मालनबाईच्या डोक्यातून निघालं. प्लास्टिकच्या खुर्चीला मधी भोक पाडायचं, खाली बादली ठेवायची, झालं कमोड. तिच्या लेकानं उलथनं तापवून भोक पाडलंबी. आमी दोघींनी ह्यांना धरून बसवलं. बसले न बसले तोच उठायला लागले. म्हणले, "ने हे. मी काय जनावर हाय का, जागेवर करायला?" आवाज एवढा मोठा की मालनबाई बाहेरच गेली. मंग हे रडले. मी ह्यांना दोनदाच रडताना बघितलंय, आई गेली तव्हा आन् बैल विकला तव्हा. हे तिसऱ्यांदा.

मी बाहेर येऊन ओसरीवर बसले. कमोडवरच बसले, दुसरं काय मोकळं न्हवतं. मनात आलं, बन्सीधरच्या दुकानाचं घेऊन टाकावं का. योगीराजला सांगावं, तुझंच हाय म्हणून, त्याला काय कळतंय. मंग वाटलं, लेकरू फोनवर रोज विचारतंय, "आजी, आबा बसले का गं?" किती हौसेनं. त्याला खोटं कसं बोलू? आन् ह्यांना विचारलं तर म्हणले, "न्हाई. लेकराचंच बसवा. न्हाईतर काहीच नको."

मला कायच समजंना झालंय. एवढी चांगली वस्तू दारात आली आन् घरातला माणूस वाळायलाय.

३१ जानेवारी, शनिवार

मीच गेले बन्सीधरच्या घरी. तिळाचे लाडू ऱ्हायले होते ते घेतले. त्याच्या बायकोनं बसायला दिलं, तो जेवत होता, मला बघून घास तसाच धरला. मी म्हणलं, बन्सीधर, बुंदी भिजली तर मी तुझं नाव घेणार न्हाई, आमच्या घरी बुंदीच न्हाई. त्याची बायको हसली. मंग माझं मलाच काय झालं, डोळ्याला पदर लावला. म्हणलं, माणूस हाय रे, पडून हाय, तू रस्त्यानं दिसलास की हाक मारायचा ना तुला.

तो हात धुवून तसाच आला, हत्यारं घेऊन. मला तर पळतच घरी जावं वाटलं. ह्यांना सांगितलं, आला, आला! हे उशाला टेकून बसले.

पण नशीबच. बन्सीधरनं सगळं खोकं उलटंपालटं केलं, पुठ्ठे झटकले. "एक वस्तू कमी हाय," म्हणला. योगीराजला फोन लावून दिला, दोघं कितीतरी वेळ बोलले. बन्सीधर म्हणला, खालची बैठक गळू नये म्हणून कंपनी जे देती तेच न्हाई, नुसत्या सिमेंटवर बसवलं तर घरभर वास सुटंल. परभणीत ह्या मापाचं मिळत न्हाई. योगीराज म्हणला, कंपनीकडं तक्रार करतो, ते पाठवतील.

बन्सीधर हत्यारं गोळा करताना म्हणला, "म्हणून मी बाहेरचा माल बसवत न्हाई मावशी. दुकानातला असता तर आत्ता जाऊन बदलून आणला असता."

कसली ही कंपनी! एवढं मोठं पाठवलं आन् बारकं विसरली. मी तर म्हणते त्या कंपनीला देवानं बघून घ्यावं. हे पुन्हा आडवे झाले, तोंड भिंतीकडं.

५ फेब्रुवारी, गुरुवार

ह्यांचे ओठ फुटलेत. लोणी लावते. जीभ कोरडी पडली, बोलताना टाळ्याला चिकटती. गावातला डॉक्टर बोलावला, त्यानं हाताची कातडी चिमटीत धरून सोडली, ती तशीच उभी ऱ्हायली. म्हणला, अंगातलं पाणी आटलंय, सलाईन लावतो, पण पाणी पाजा, सारखं पाजा. मी म्हणलं, पाजतेच की डॉक्टर, तांब्या भरून उशाला ठेवते, तासाभरात रिकामा होतो. डॉक्टर म्हणला, मंग जातं कुठं?

खरंच जातं कुठं. मीबी तेच म्हणते.

योगीराजला म्हणलं, येऊन जा रे. सुट्टी न्हाई म्हणला, मार्चमध्ये बघतो. पार्ट यायलाय म्हणला. रोज म्हणतो, यायलाय. ओसरीवरच्या त्या कमोडवर आता धूळ बसलीय, कोंबडी चढून बसती. मालनबाई हसली न्हाई ह्या बारीला. मी कोंबडीला हाकललंबी न्हाई. पुसायला जीवच होईना.

११ फेब्रुवारी, बुधवार

बन्सीधर आज आपल्या पायानं आला, संगं त्याचा जोडीदार सुग्रीव. पार्ट आला का विचारायला. न्हाई म्हणलं. डॉक्टरनं पाणी जवळ ठेवायला सांगितलंय, म्हणून माठच खाटेजवळ आणावा म्हणून मी सुग्रीवला म्हणलं, बाळा, तेवढा उचल, भरलेला हाय. त्यानं उचलला. खालचं कडं दिसलं.

बन्सीधर बघतच ऱ्हायला. "मावशी, हे कुठलं?"

"खोक्यात आलतं की. माठाखालचं."

सुग्रीव खदखदून हसला. बन्सीधरनं त्याच्याकडं असं बघितलं की त्यानं माठ गपकन खाली ठेवला. बन्सीधरनं ते कडं उचललं, शर्टाला पुसलं, बोटानं दाबून बघितलं. "हेच ते," म्हणला. "चांगलं हाय. कुठं फाटलं न्हाई."

एवढे दिवस मी त्याच्यावर पाणी ठेवत होते. कंपनीला शिव्या घातल्या त्या सगळ्या गिळाव्या वाटल्या.

लाजेनं मी दुसरंच बोलले. म्हणलं, आलाच हाईस तर ही ओल बघ भिंतीची. तो वाकला, पोपडा काढला, माती बोटात चुरली. म्हणला, "इथून तर पाइपच न्हाई मावशी." मंग त्यानं उशाचा तांब्या बघितला. मंग ह्यांच्याकडं बघितलं. ह्यांनी डोळे मिटून घेतले.

"ही ओल खालची न्हाई," बन्सीधर म्हणला. "वरून पडायलीय." मी म्हणलं, वरून कशी, हिवाळ्यात काय पाऊस हाय? तो खाटेच्या कडेला बसला आन् ह्यांच्या पायाला हात लावला. म्हणला, "मामा, पाणी पीत जा हो. असं भिंतीला पाजून कसं चालंल."

तव्हा मला कळलं. तांब्या मीच भरायचे आन् मीच खुश व्हायचे, किती पाणी पितात म्हणून.

मी बाहेर जाऊन कमोड पुसलं. कोंबडीचं होतं ते खरवडून काढलं, साबण लावला, घासलं. बन्सीधर मागं येऊन उभा ऱ्हायला. म्हणला, "मावशी, आता माल कोणाचा हाय ते मी बघत न्हाई. मी बसवतो. गळलं तर माझं नाव घ्या, सगळ्या पिंगळीला सांगा." म्हणलं, मंग आजच बसव की रे. त्यानं मान हलवली. जुनं भांडं फोडायचं, पाइप उकरायचा, मंग एक दिवस वाळायला पाहिजे, मधी कोणी वापरायचं न्हाई. आन् ताडकळसला स्लॅबचं काम सुरू हाय, शनिवारपर्यंत तिथंच. रविवारी शिवरात्र. "सोमवारी सकाळीच येतो," म्हणला. "मी आन् सुग्रीव दोघंबी. मामाला मीच धरून बसवतो."

किती चांगलं वाटलं ते काय सांगू. वार ठरला! आतापर्यंत सगळे नुसतं येतो म्हणायचे, वार कोणीच सांगितला न्हाई. आत पळत गेले, ह्यांना सांगितलं. हे हसले. खरंच हसले, फुटलेल्या ओठानं. म्हणले, "कोणता वार म्हणला?"

"सोमवार."

मी तांब्या तोंडाला लावला. ह्यांनी हळूच हातानं बाजूला सारला. "राहू दे आता. शिवरात्रीचा उपास धरलाय मी."

"शिवरात्र रविवारी हाय. आज बुधवार हाय!"

"माझी आजपासून धर," म्हणले. "आता सोमवारीच पितो. पोटभर पितो, बघ तू."

मी रागावले, हाता-पाया पडले, चमच्यानं पाजून बघितलं. एक घोट गेला, दुसऱ्याला लहान लेकरासारखं तोंड मिटलं. मालनबाईला हाक मारली, तिनंबी समजावलं, योगीराजची शपथ घातली. डॉक्टर गावाला गेलाय, उद्या येतो म्हणून त्याच्या दारावर लिहिलंय. आता तांब्या मांडीवर घेऊन बसलेय. भिंतीकडं मी बसलेय ह्या बारीला, तिकडं सांडू देत न्हाई. दर थोड्या वेळानं कापूस भिजवून ओठाला लावते, तेवढं चालतं ह्यांना.

बन्सीधर शब्दाचा पक्का हाय. दोघंबी सोमवारी येतो म्हणले.